आईचं कपाट उघडताना



दिवसकार्य आटोपतं. तेरावं होतं, गोडाचं जेवण होतं, गावोगावाहून आलेली माणसं आपापल्या पिशव्या उचलून परततात. मागून आणलेली सतरंजी, मोठी पातेली ज्यांची त्यांना पोचती होतात. आणि मग एक दिवस कुणीतरी हळूच म्हणतं, "आता ते कपाट तेवढं बघायला हवं." आई गेल्यानंतरचं हे काम कुठल्या पोथीत सांगितलेलं नाही, गुरुजी त्याचा मुहूर्त काढून देत नाहीत, पण ते करावं लागतंच, आणि बहुतेक घरांत ते मुलींच्या नि सुनांच्या वाट्याला येतं. या खेपेला त्याविषयी लिहिते आहे. विणकामाच्या आणि लोणच्यांच्या पानांशेजारी हा विषय जरा निराळा दिसेल. पण आपल्यापैकी कितीजणी यातून गेल्या असतील, आणि कितीजणींना अजून जायचं असेल!

माझं माहेर नागोठण्याचं. मुंबई-गोवा रस्त्यानं गेलेल्या बऱ्याचजणींनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिलं असेल. पालीच्या बल्लाळेश्वराला जायला वाकणचा फाटा लागतो ना, त्याच्या अलीकडचं हे गाव. तालुका रोहा, नदी अंबा, ग्रामदेवता जोगेश्वरी. एकेकाळी खाडीतून गलबतं इथवर येत. मला दिली पेणला, म्हणजे तशी हाकेच्या अंतरावर. मात्र या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून जे चाललं आहे, त्यानं ही हाक मधूनमधून फारच लांबची होते, हे पावसाळ्यात एस.टी.नं माहेरी जाणाऱ्या कुणालाही विचारा.

आई लग्न होऊन नागोठण्याला आली ते साल १९८१. त्याच वर्षी १ जानेवारीला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, आणि आई गमतीनं म्हणायची, "माझं नि जिल्ह्याचं नाव एकाच वर्षी बदललं." गेल्या कार्तिकात ती गेली. आठ महिने अंथरुणावर होती. वय ६६. बाबा आहेत. भेटायला आलेल्या बायकांपैकी निदान दहाजणी म्हणाल्या असतील, "सवाष्ण गेली हो, सोनं झालं." वाईट मनानं कुणी म्हणत नाही हे, मला ठाऊक आहे, अविधवा नवमीला जेवू घालायची म्हणून त्या माउलीचं कौतुकही होईल. पण खरं सांगू, मला ते शब्द ऐकवत नव्हते. सोनं कसलं? ज्या माणसाला पंचेचाळीस वर्षं साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो हे कळलं नाही, तो माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून डबे मोजत होता.

तर ते कपाट. आम्ही तिघींनी मिळून उघडलं: ताई, वहिनी आणि मी. ही एक गोष्ट मी सर्वांना सांगेन. एकटीनं उघडू नका आणि एकीला वगळूनही उघडू नका. मुलींनी उघडलं तर सुनेला वाटतं आपल्यावर विश्वास नाही, सुनेनं उघडलं तर मुलींच्या मनात काहीबाही येतं. आणि घाईनंही नको. काही घरांत तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी साड्यांची गाठोडी बांधून मोकळे होतात, काही घरांत वर्षानुवर्षं कुलूप राहतं आणि आत कसर लागते. आम्ही सव्वा महिना थांबलो, माघातली एक दुपार ठरवली, चहा करून घेतला आणि बसलो.

आत काय होतं? साड्या अठ्ठावीस. त्यांतल्या नेसलेल्या दहा-बाराच. बाकीच्या घडीमोड न केलेल्या, ओटीत आलेल्या, "कुणाला द्यायला होतील" म्हणून ठेवलेल्या. हे तुमच्याकडेही असंच असेल. पितळेचा एक डबा, त्यात बटणं, हुक, काजं करायचा जाड दोरा. एल.आय.सी.च्या जुन्या पावत्या. आम्हां तिघा भावंडांची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात तिसरी, आणि तिच्यात एक शंभर पानी वही.

वहीत पाककृती असतील असं वाटलं ना? आम्हांलाही वाटलं होतं. तो डब्यांचा हिशेब होता. नागोठण्याजवळ पेट्रोकेमिकलचा मोठा कारखाना उभा राहत होता, त्या काळात गावात परगावची एकटी माणसं पुष्कळ आली. खोली मिळायची, पण जेवायचं काय? आई तेव्हा तिशीची, पदरात तीन मुलं, सर्वांत धाकटी मी. तिनं डबे द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला चार डबे होते, पुढे ते बावीस झाले. वहीत डबेवाल्यांची नावं नाहीत, खुणा आहेत: 'चष्मेवाले', 'सातारकर', 'तिखट नको', 'गुरुवार उपास'. कुणी किती दिले, कुणाचे राहिले. आणि काही नावांपुढे बारीक अक्षरांत 'सोडले' असं लिहिलेलं. बावीस माणसांचं करून, आम्हांला शाळेत धाडून, सासूबाईंचं पथ्यपाणी सांभाळून ही बाई रात्री हिशेब लिहीत होती, आणि ज्याला देणं जमलं नाही त्याचे पैसे सोडतही होती. त्याच पैशांतून तिनं दोन गुंठ्यांचा तुकडा स्वतःच्या नावावर घेतला आणि एक मोहनमाळ केली. घरात हे सर्वांना माहीत होतं, पण त्यामागे बावीस डबे रोजचे, अशी अकरा वर्षं होती, हे त्या वहीनं सांगितलं. वही वहिनीनं वाचली, मोठ्यानं. आम्ही दोघी ऐकत होतो.

आता साड्यांचं सांगते, कारण हा प्रश्न मला शाळेतल्या सहकारी शिक्षिकाही विचारतात. (मी पेणला एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते.) ज्या साड्या आईच्या अंगावर आपण रोज पाहिल्या, त्या सुती साड्यांची गोधडी करावी. त्या कुणाला देऊन कुणी नेसत नाही आणि कपाटात ठेवून काही होत नाही. पॉलिस्टरच्या, नायलॉनच्या साड्या गोधडीला घेऊ नका. टोचतात, थर एकमेकांवरून सरकतात आणि पावसाळ्यात अंगाला चिकटतात. पाचवारी साडीचे पावणेदोन-पावणेदोन मीटरचे तीन तुकडे पडतात. मुलांच्या मापाच्या गोधडीला तीन साड्या म्हणजे नऊ थर, आपल्याकडच्या थंडीला पुष्कळ झाले. आधी साड्या दोन-तीनदा धुऊन, कांजी पार काढून, उन्हात कडकडीत वाळवाव्या. सर्वांत विरलेली आत, धड असलेली वर नि खाली. जमिनीवर पसरून, सुरकुत्या काढून मोठ्या टाक्यांनी कच्ची शिवण घालून घ्यावी, म्हणजे थर हलत नाहीत. मग जाड दोऱ्यानं कडेपासून धावदोरा सुरू करून चौकटीत चौकट घालीत मध्यापर्यंत यावं. काठ फेकू नका. तेच चारी बाजूंनी पट्टी म्हणून लावले की गोधडी उठून दिसते, आणि काठावरून साडी ओळखू येते. माझी मुलगी हात फिरवून सांगते, "ही आजीची गणपतीतली, ही दवाखान्यातली."

रेशमी साड्यांना डांबरगोळ्या जरीला लागतील अशा ठेवू नका, जर काळी पडते. मलमलीच्या धुतल्या कपड्यात गुंडाळाव्या, प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नाही, आपल्या कोकणच्या हवेत आत घाम धरतो. कडुलिंबाचा वाळलेला पाला वेगळ्या पुरचुंडीत. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच साडी फाटते. फोटोंनाही हेच. चिकट पानांचे जुने अल्बम असतील तर त्यांतले फोटो हलक्या हातानं सोडवून कागदी पाकिटांत ठेवा, मागे पेन्सिलीनं नावं नि साल लिहा. नाव माहीत असलेलं माणूस घरात आहे तोवर लिहा. आमच्या एका फोटोत आईच्या शेजारी एक मुलगी आहे, दोन वेण्या, हातात फणी. ती कोण ते आता बाबांनाही सांगता येत नाही.

कपाटातल्या वस्तू मोजता येतात. खरी पंचाईत कपाटात नसलेल्या गोष्टींची होते.

आमच्याकडे वालाचं बिरडं आईचंच. रायगडात घरोघर बिरडं होतं, त्यात विशेष ते काय, असं अलिबाग-पेणची कुणी म्हणेल. पण प्रत्येक घरचं वेगळं असतं हेही तीच सांगेल. आईला माप विचारलं की उत्तर ठरलेलं: "अंदाजानं." मागच्याच्या मागच्या दिवाळीत ती हिंडती-फिरती होती तेव्हा माझ्या मुलीनं एक युक्ती केली. आजीच्या हाताखाली स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवला आणि म्हणाली, "आजी, तू तुझं घेत जा, मी लिहिते." आई हसून लोटपोट. पण त्यामुळे आज आमच्याकडे लिहिलेलं आहे की आजीची एक ओंजळ म्हणजे १८० ग्रॅम कडवे वाल, आणि आजीचा 'लहानसा खडा' गूळ म्हणजे चांगला २५ ग्रॅम! तुमच्याकडे आई, सासूबाई, आजी असतील तर हे जरूर करा. त्यांना माप विचारू नका, त्यांचा हातच मोजा.

बिरडं देते. दोन ओंजळी कडवे वाल रात्री भिजत घालावे. सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवावे. थंडीत मोड यायला दीड दिवसही लागतो. मोड आले की कोमट पाण्यात घालावे, म्हणजे सालं चिमटीत सुटतात. पाणी कढत नको, वाल अर्धवट शिजतात आणि दाणा दुभंगतो. तेलावर हिंग, हळद, थोडा ओवा. त्यावर वाल घालून परतावे ते डाव न घालता, पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवावं. झाकणावर पाणी ठेवावं आणि तेच कोमट झालेलं पाणी लागेल तसं आत घालावं. अर्धे शिजले की ओलं खोबरं, जिरं नि हिरव्या मिरचीचं वाटण, मीठ. आमसुलं चार-पाच आणि गूळ अगदी शेवटी. आंबट आधी पडलं तर वाल निबर राहतात. वर कोथिंबीर. आई गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण काढू देत नसे. का, ते विचारलं तर म्हणे, "दमलेत ते."

या 'दमलेत ते'चं काय करायचं, हा प्रश्न मला शाळेत पडतो. सहावीला 'माझी आजी' निबंध घातला की तीस वह्यांत एकच आजी येते. ती प्रेमळ असते, गोष्टी सांगते, पहाटे उठून देवपूजा करते, तिचे केस कापसासारखे पांढरे असतात. मुलं खोटं लिहीत नाहीत, पण हे काही त्यांच्या आजीचं वर्णन नव्हे. म्हणून मी आता सांगते, "तुमच्या आजीची अशी एक गोष्ट लिहा की जी शेजारच्या बाकावरच्याच्या आजीत नाही." मग एकदम वर्ग जागा होतो. एकानं लिहिलं, माझी आजी टी.व्ही.वरच्या बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं देते. एकीनं लिहिलं, आजी रागावली की माझ्याशी न बोलता मांजराशी बोलते, पण मला ऐकू येईल असं. आई-आजीच्या आठवणी लिहून ठेवायच्या असतील तर हीच रीत धरावी असं माझं मत आहे. थोर होती, त्यागी होती, कष्टाळू होती असं लिहीत बसलं की आपलं माणूस हातातून निसटतं.

माणसाचं बोलणं कसं निसटतं आणि कसं वाचतं, याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण बहिणाबाई चौधरींचं. त्यांची गाणी आपण शाळेत पाठ केली, आपली मुलंही करतात. पण ती पुस्तकात कशी आली हे पुष्कळांना ठाऊक नसतं. २४ ऑगस्ट १८८० ला जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेली ही बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीच्या सुमाराला वैधव्य आलं. शेत, जातं, चूल, मुलं हे सगळं करता करता तोंडानं ओव्या रचायच्या. घरात ते सर्वांच्या कानांवर होतं. मुलगा सोपानदेव पुढे स्वतः कवी झाले. त्यांनी आणि त्यांच्या एका भावानं त्यांतलं काही जमेल तसं उतरवून ठेवलं. काही म्हणजे काहीच. बाकीचं किती शेताच्या बांधावर राहिलं त्याची गणती नाही. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी जरा संकोचानंच ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती हातावेगळी होऊ दिली नाही, आणि १९५२ साली अत्र्यांच्याच प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. लक्षात घ्या, बाईच्या हयातीत तिच्या नावाचं पुस्तक नव्हतं. घरातल्या कुणीतरी जवळ बसून लिहिलं, म्हणून महाराष्ट्राला ती मिळाली. जळगावला चौधरीवाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू, शेतीची नि घरातली अवजारं घरच्यांनी जपून संग्रहालय केलं आहे. आज त्या भागातल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण मला आपली ती वहीच मोठी वाटते.

सगळ्यांच्या आया बहिणाबाई नसतात, हे कबूल. तरी जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायका कोकणात, देशावर घरोघर होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांत फिरून अशा ओव्या जमवल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. आज त्यांतल्या पुष्कळ, गाणाऱ्या बाईच्या आवाजासकट, इंटरनेटवर ऐकायला मिळतात. एक लाख! आणि या सगळ्या कुणाच्या तरी आईनं, आजीनं, सकाळी पीठ दळताना म्हटलेल्या.

आमच्या आईला तिच्या आईकडून आलेल्या पंचवीस-तीस ओव्या येत. जातं घरात नव्हतंच, ती पोळ्या लाटताना म्हणे. माझ्या फोनमध्ये तिचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप आहेत, आवाजाचे. "एस.टी. मिळाली का", "लोणच्याला तेल वर आलं का बघ", "सोनीला सर्दीवर ओव्याची पुरचुंडी शेक". त्यांतल्या दोन निरोपांत मागे ओवी आहे, तिला न कळत आलेली. मुलगी ते लावून ऐकते. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, याने पोर अधिक रडेल, बंद करावं. पण आमच्या यांनी म्हटलं, "ऐकू दे तिला," आणि ते बरोबर होतं. रडते कधी, कधी हसतेही: "बघ ना, आजी फोन बंद करायला विसरलीय, बाबांना ओरडतेय." मुलांना आजीच्या मरणापासून लांब ठेवायची आपल्याकडे खोड आहे. 'देवबाप्पाकडे गावाला गेली' असं सांगितलेलं सात-आठ वर्षांचं मूल आजी केव्हा परत येते याची वाट पाहत राहतं. मेली म्हणजे काय, हे त्याला सरळ सांगावं आणि मग त्याच्याजवळ बसावं. आणि हो, ते आवाजाचे निरोप फोनवरच ठेवू नका. फोन बदलला, पाण्यात पडला की गेले. दुसरीकडे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, एक प्रत भावंडांना द्या. आम्ही घेतले, ४१ निघाले.

ओव्यांबरोबर पुराची गोष्टही लिहून झाली. तीही आईच्याच शब्दांत, कारण ती तिनं इतक्यांदा सांगितली होती की आम्हां तिघांना पाठ. अंबेचं पाणी नागोठण्याच्या बाजारात शिरणं नवीन नाही, पण १९८९ चा जुलै वेगळा होता. २४ जुलैच्या त्या महापुरात याच नदीनं वरच्या अंगाला सुधागडातलं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, माणसं वाहून गेली. आमच्या घरात पाणी कमरेइतकं आलं. मी चार महिन्यांची. आईनं मला पाळण्याच्या झोळीसकट माळ्यावर नेलं, दादा-ताईला वर चढवलं, आणि मग परत खाली उतरली. कशाला? तर डब्यांची बोली होती दुसऱ्या दिवसाची, तांदळाचं पोतं भिजेल म्हणून. सासूबाई वरून ओरडत होत्या. पोतं काही वर आलं नाही, पण एका हंड्यात मावतील तेवढे तांदूळ आणि मिठाची बरणी घेऊन ती आली. दुसऱ्या दिवशी डबे गेले नाहीत. ते तांदूळ आळीतल्या पाच घरांनी शिजवून खाल्ले. "त्या दिवसाचे पैसे कुणी दिले?" असं माझी मुलगी दरवेळी विचारायची. आई दरवेळी निराळं उत्तर द्यायची.

आता जरा रुक्ष बोलते, कारण न बोलून भागत नाही. तेराव्याच्या दिवशीच आमच्या एका नातेवाइकांनी बाबांपुढे विषय काढला: "मुलींच्या सह्या घेऊन टाका, सगळ्या आहेत तोवर." आपल्या रायगडात जमिनीला भाव आल्यापासून हे वाक्य किती घरांत ऐकू येतं ते मी सांगायला नको. हक्कसोडपत्रावर सही करणं ही मुलीची रीतच आहे अशा थाटात ते बोललं जातं. रीत नाही, मैत्रिणींनो. आई मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वतःच्या मिळकतीला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं १५ वं कलम लागतं: मुलगे, मुली आणि नवरा, सर्वांना सारखा वाटा. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुरुस्ती झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही. बँकेत ज्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे, त्याला पैसे हाती मिळतात. म्हणून तो एकटा मालक होत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, दाखल्याच्या चार-पाच प्रती तेव्हाच मागून घ्यायच्या. जमीन असेल तर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्यायची, आणि त्यात सर्व वारसांची नावं आहेत ना हे आपण स्वतः वाचायचं. सही करावी की करू नये, हे ज्या त्या घरानं ठरवावं. पण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागाहून सहजी मागे घेता येत नाही, तेव्हा दुःखाच्या दिवसांत, पाहुण्यांच्या देखत, न वाचता करू नका. चार दिवस थांबल्यानं कुणाचं नातं तुटत नाही. तुटलंच, तर ते सहीनंही टिकलं नसतं.

आम्ही चैत्रात बसलो. दादा थोडा घुश्श्यात होता, खोटं कशाला सांगू. ताईनं शांतपणे सांगितलं की बाबा आहेत तोवर तो दोन गुंठ्यांचा तुकडा चौघांच्या नावावर राहील, विकायचा झाला तर चौघांनी ठरवायचं. त्याला ते एकदम रुचलं नाही; दोन दिवसांनी फोन करून "ठीक आहे" म्हणाला. मोहनमाळेवरून मात्र मजा झाली. कायद्यानं सासूच्या दागिन्यात सुनेला वाटा नाही. आठ महिने आईची उशी, बेडपॅन, रात्रीची औषधं जिनं केली, ती वहिनी कागदावर कुणीच नाही. ताई नि मी आधीच ठरवलं होतं; माळ तिच्यापुढे ठेवली. ती घेईना. म्हणाली, "तुमच्या आईची आहे." ताई म्हणाली, "बावीस डब्यांची आहे. वही तू वाचलीस ना?" शेवटी तिनं ती देव्हाऱ्याशेजारच्या खणात ठेवली आहे; अजून घातलेली नाही. गणपतीत घालायला लावणार आहोत.

बाबांचं म्हणाल तर, ते स्वयंपाक शिकताहेत. वहिनी सकाळी नोकरीला जाते, दुपारचं ते स्वतःच बघतात. साखर सापडली; मग पिठीसाखर आणि मीठ यांत एकदा घोटाळा झाला, तो दादानं मुकाट्यानं प्याला. माझ्या मुलीनं आजोबांना आजीच्या मापांचा कागद मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवून दिला आहे. परवा रात्री नऊला त्यांचा फोन आला. वाल भिजत घातलेत, पण ओंजळ तिची धरायची की माझी, माझी मोठी आहे, असं विचारत होते. मी म्हटलं, "काटा आहे ना घरात, १८० ग्रॅम घ्या." जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन ओंजळी म्हणजे तीनशे साठ. एकट्याला फार होतात. रविवारी तुम्ही सगळे या."